रविवारी वाटण, रोज ताजी फोडणी: शाकाहारी रात्रीच्या जेवणाची आगाऊ तयारी

संध्याकाळी साडेसातला घरी पोचणाऱ्याला स्वयंपाक जड जातो तो फोडणीमुळे नाही. फोडणी पाच मिनिटांत होते. वेळ जातो तो मेथी निवडण्यात, लसूण सोलण्यात, कुकर थंड व्हायची वाट बघण्यात. मटकी भिजत घालायची राहिली हे ओट्यापाशी उभं राहिल्यावर कळतं आणि मग बाहेरून काहीतरी मागवलं जातं.

आठवड्याचं सगळं जेवण एकदाच शिजवून डब्यांत भरून ठेवायची पद्धत हल्ली बरीच सांगितली जाते. आपल्या जेवणाला ती मानवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चौथ्या दिवशीची भेंडी, तीनदा गरम केलेली आमटी घरातलं कुणी आवडीने खात नाही, आणि उरलेलं फेकताना जीव तुटतो तो वेगळाच. म्हणून मी सगळा स्वयंपाक अर्ध्या वाटेवर आणून ठेवते. भिजवणं, मोड आणणं, निवडणं, शिजवणं, वाटणं ही वेळखाऊ कामं आधी होतात. फोडणी, मीठ, गूळ, कोकम, कोथिंबीर हे सगळं त्याच संध्याकाळी. जेवण ताजं लागतं आणि अर्ध्या तासात पानं मांडता येतात.

खालची मापं चार माणसांची आहेत. वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची आमटीची वाटी.

आधी हे जमवा

- घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा काचेचे सहा-सात डबे. दोन पसरट हवेत, त्यांचं कारण पुढे येईल.
- दोन भांडी एकावर एक बसतील असा पाच लिटरचा कुकर
- मिक्सर
- मोड आणायला मऊ सुती पंचा
- भाज्या कोरड्या करायला दोन जुने, स्वच्छ सुती रुमाल
- मोठी चाळणी आणि परात
- कागदी चिकटपट्टी आणि पेन

डब्यांवर पट्टी लावून त्यावर वार लिहा. एवढ्यासाठी काय लिहायचं, असं पहिल्यांदा वाटेल. पण गुरुवारी फ्रिज उघडल्यावर ही डाळ रविवारची की बुधवारची, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

१. आठवडा कागदावर मांडा

शनिवारी सकाळी पाच संध्याकाळ लिहून काढा. क्रम ठरतो तो काय आधी खराब होतं यावर: पालेभाजी सोमवारी, मोड आलेली कडधान्यं मंगळवारी, कोबी-फ्लॉवर-दुधी त्यानंतर, आणि शुक्रवारी फ्रिजमधलं काहीच न लागणारा पदार्थ. आमच्याकडे बहुतेक आठवडे असे जातात:

- सोमवार: डाळ-पालक, भात, काकडीची कोशिंबीर
- मंगळवार: मटकीची उसळ, पोळी
- बुधवार: गोड्या मसाल्याची आमटी, भात, बटाट्याच्या काचऱ्या
- गुरुवार: काळ्या वाटाण्याची उसळ, सोबत आंबोळी किंवा पोळी
- शुक्रवार: थालीपीठ किंवा पिठलं-भाकरी

सोमवार आणि बुधवार एकाच शिजवलेल्या डाळीवर निघतात, मंगळवार आणि गुरुवार एकाच वाटणावर. म्हणजे पाच जेवणांसाठी आधी करायच्या मोठ्या गोष्टी चारच: डाळ, मटकी, वाटाणे, वाटण. यादी करताना पाच पदार्थांच्या पाच वेगळ्या तयाऱ्या लिहिल्या असतील, तर कागद पुन्हा घ्या. नवीन माणूस बहुतेक इथेच थकतो.

२. शनिवारी भिजवा

मटकी दोन वाट्या, शनिवारी सकाळी. आठ-दहा तासांनी पाणी निथळून, पुन्हा एकदा धुऊन, ओलसर पंचात घट्ट बांधा आणि चाळणीत झाकून ठेवा. उन्हाळ्यात रविवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत दीड दिवसही लागतो. तेव्हा शुक्रवारी रात्रीच भिजवा आणि पुरचुंडी बंद केलेल्या ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यांमागे, जिथे जरा ऊब असेल तिथे ठेवा. मटकीला आंबूस वास आला किंवा ती बोटांना चिकट लागली तर टाकून द्या. मोड दाण्याएवढे झाले की फ्रिजमध्ये टाका, नाहीतर ते वाढत राहतात आणि उसळ तंतूंनी भरते.

काळे वाटाणे दीड वाटी, शनिवारी रात्री. त्यांना दहा-बारा तास भिजायला लागतात. राजमा किंवा छोले करणार असाल तर तेही याच वेळी. राजम्याबाबत एक गोष्ट नक्की पाळा: भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोटाला खरोखर बाधतो, त्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या होतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्यापेक्षा तो कुकरलाच लावावा.

आंबोळी करायची असेल तर तांदूळ, उडीद डाळ आणि थोडे मेथीदाणे शनिवारी भिजवून रात्री वाटा. रविवारी पीठ फुगलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. गुरुवारपर्यंत ते जरा आंबटच होतं, त्यामुळे ज्यांना आंबट चालत नाही त्यांनी आंबोळी मंगळवारी करून पोळ्या गुरुवारी न्याव्यात. घरात मालवणकडचं कुणी असेल तर काळ्या वाटाण्याबरोबर पोळी वाढणं त्यांना पटणार नाही, हेही लक्षात घ्या.

३. रविवारी आधी कुकर लावा

भाज्या चिरायला बसण्याआधी कुकर गॅसवर चढला पाहिजे. तो त्याचं काम करत असताना तुमचे हात मोकळे असतात.

पहिल्या फेरीत दोन वाट्या तूरडाळ. अर्धा तास भिजवलेली डाळ, हळद, चिमूटभर हिंग, चमचाभर तेल, तीन-चार शिट्ट्या. दुसऱ्या फेरीत काळे वाटाणे, पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं. मटकी शिजवू नका. ती कच्चीच ठेवायची असते, कढईत दहा-बारा मिनिटांत शिजते.

डाळीत चिंच, कोकम, टोमॅटो आत्ता घालू नका. आंबट पडलं की डाळ आणि कडधान्यं मऊ व्हायला फार वेळ घेतात. ज्यांच्याकडे बोअरवेलचं जड पाणी येतं त्यांना हा त्रास एरवीही होतो, कारण पाण्यातल्या कॅल्शियममुळे दाणा कडक राहतो. अशा घरी कडधान्य शिजवायला तरी आरओ फिल्टरचं पाणी वापरा, नुसतं गाळून कॅल्शियम जात नाही.

डाळ घोटून दोन डब्यांत वाटून ठेवा, एक सोमवारचा, एक बुधवारचा. घट्टच ठेवा, पातळ नंतर करता येते. एकाच मोठ्या डब्यातून रोज पळीने काढत राहिलं तर बुधवारचा वाटा आंबायची शक्यता वाढते.

४. वाटण: याला वेळ द्या

सगळ्या तयारीत जिथे घाई करू नये अशी ही एकच जागा. वाटण चांगलं असेल तर मंगळवारची पंधरा मिनिटांची उसळही निगुतीने केल्यासारखी लागते.

चार मोठे कांदे उभे चिरून घ्या. एक वाटी सुकं खोबरं किसा. दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन चमचे धणे. लोखंडी कढईत आधी खोबरं मंद आचेवर बदामी करून बाजूला काढा. त्याच कढईत धणे परतून काढा. मग दोन चमचे तेलात कांदा. तो पंधरा मिनिटं तरी परतायचा, कडा चांगल्या तपकिरी होईपर्यंत. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत रंग आणलेला कांदा बाहेरून करपतो, आतून पाणीदार राहतो आणि वाटण लवकर खराब होतं. शेवटी आलं-लसूण दोन मिनिटं. सगळं पूर्ण गार झाल्यावर जितक्या कमी पाण्यात वाटता येईल तितक्या कमी पाण्यात वाटा.

सुकं खोबरं घेण्याचं कारण टिकाऊपणा. ओल्या नारळाचं वाटण कोकणातल्या आमट्यांना हवंच, पण ते दुसऱ्या दिवशी संपवावं. नारळ फोडला असेल तर खवून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ते छान राहतं आणि हवं तेवढं मोकळं करून घेता येतं.

वाटणाचे तीन भाग करा. दोन फ्रिजमध्ये, तिसरा फ्रीझरमध्ये पुढच्या आठवड्यासाठी. डब्यात कोरडाच चमचा घाला. आलं-लसणाची पेस्ट वेगळी करत असाल तर तीही फ्रिज किंवा फ्रीझरमध्येच. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत काही घरांत दिसते, ती सोडून द्या. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. वासावरून ते कळतही नाही.

याच सुमारास पाव किलो शेंगदाणे भाजून, सालं पाखडून जाडसर कूट करा. कोशिंबीर, काकडी, भोपळ्याचं भरीत, कशालाही लागतं.

५. भाज्या: काय चिरायचं, काय अख्खं ठेवायचं

सरसकट सगळं चिरून ठेवणं हा या कामातला सर्वांत मोठा फसवा रस्ता. रविवारी डबे रंगीत दिसतात आणि बुधवारी त्यांच्या तळाशी पाणी साचतं.

*चिरून ठेवा:* फ्लॉवरचे तुरे, गाजर, फरसबी, गवार (शिरा काढून, मोडून), लाल भोपळा. हे तीन दिवस नीट राहतं. कोबी चिरून दोन दिवस, पण मीठ अजिबात लावू नका.

*निवडून ठेवा, धुऊ नका:* मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू. मुळं आणि पिवळी पानं काढून, सुती रुमालात सैल गुंडाळून डब्यात. धुवायची ती शिजवताना. पावसाळ्यात पालेभाजी बाजारातूनच ओली आणि चिखलाने माखलेली येते. तेव्हा धुवावीच लागते, मग पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि सोमवारीच संपवा.

*अख्खंच ठेवा:* वांगी आणि कच्ची केळी, कारण चिरल्याबरोबर काळी पडतात. बटाटाही चिरून ठेवू नका. सालासकट उकडून ठेवला तर दोन दिवस कामाला येतो. भेंडी धुऊन, पुसून, खडखडीत कोरडी करून अख्खी ठेवा आणि करायच्या आधी चिरा. दुधीही अख्खाच.

हिरव्या मिरच्यांचे देठ काढून कोरड्या डब्यात ठेवल्या तर दोन आठवडे जातात. कढीपत्ता धुऊन, वाळवून, काड्यांवरून उतरवून ठेवा.

हिवाळ्यात मटार स्वस्त असतात तेव्हा टीव्हीसमोर सगळ्यांनी मिळून पाच किलो सोलून टाका. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग निथळून, पुसून पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये. मे महिन्यातला मटारभात त्यातून होतो.

मटार सोलण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. ही सगळी तयारी घरातल्या एकाच माणसाच्या, बहुतेक वेळा बाईच्या, रविवारावर लादली जात असेल तर ती दोन महिन्यांत बंद पडते, आणि पडायलाच हवी. लसूण सोलायला, गवार मोडायला, डब्यांवर वार लिहायला दहा वर्षांचं मूलही पुरतं. कांदा परतायला नवऱ्याला उभं करा. चौघांनी मिळून हे काम दोन तासांत होतं.

६. थंड कसं करायचं

हा भाग गाळू नका. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये जितका वेळ राहील तितका जंतूंना फायदा. पातेल्यातली डाळ ओट्यावर झाकून ठेवली तर ती मधोमध तीन-चार तास कोमट राहते. म्हणून पसरट डबे. डाळ, वाटाणे त्यांत ओतून डबे गार पाण्याच्या परातीत ठेवा, मधूनमधून ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात कोमटपणा जातो. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात एका तासातच.

फ्रिजमध्ये तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. दाराचे कप्पे सर्वांत गरम असतात, तिथे वाटण किंवा डाळ ठेवू नका. आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. शिजवलेलं तीन दिवस, फार तर चार. त्यापुढचं फ्रीझरमध्ये. शिजवलेले वाटाणे, छोले, राजमा तिथे छान राहतात, डबा मात्र काठोकाठ भरू नका. बटाटा घातलेली रस्साभाजी फ्रीझरमध्ये टाकू नका, बटाटा रवाळ होतो.

कुकरचं भांडं ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळेचं असेल तर त्यातच काही ठेवू नका, विशेषतः आंबट.

दुपारी वीज गेली आणि चार तासांच्या आत आली, तर शिजवलेली डाळ आणि वाटाणे त्याच संध्याकाळी खळखळून उकळून खाऊन संपवा. त्याहून जास्त वेळ गेला तर टाका. फ्रीझर मात्र उघडला नाही तर बराच वेळ गार राहतो.

७. पोळी, भाकरी, भात

कणीक आदल्या रात्री मळून, वरून तेलाचा हात लावून, हवाबंद डब्यात ठेवता येते. दोन दिवसांपलीकडे ती काळपट पडते आणि पोळीला वास येतो. करायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणल्या तरी काही बिघडत नाही. उसळ घरची आहे, जेवण पूर्ण आहे.

ज्वारीचं पीठ मळून ठेवायचा विचारही करू नका. त्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते उकळत्या पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. पीठही थोडं थोडंच दळून आणा, जुन्या पिठाची भाकरी कडवट लागते आणि थापताना फाटते.

भात रोज ताजा. कुकरला वीस मिनिटं लागतात, त्यात वाचवण्यासारखं फार नाही आणि धोका मात्र आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्री उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवा.

८. संध्याकाळची अर्धा तासाची चाल

मंगळवारचं उदाहरण घेऊ. घरात शिरल्याबरोबर, कपडे बदलण्याआधी, मटकी, वाटण आणि कणीक बाहेर काढा आणि एका भांड्यात पाणी उकळायला ठेवा. हात-पाय धुऊन येईपर्यंत ते तापतं.

कढईत दोन मोठे चमचे तेल. मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता. दोन मोठे चमचे वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता. लाल तिखट, चमचाभर गोडा मसाला, मग मटकी. दोन मिनिटं परतून दोन वाट्या गरम पाणी. वर ताटली झाका आणि ताटलीत पाणी ठेवा, म्हणजे उसळ वाफेवर शिजते आणि तळाला लागत नाही. कमी पडलं तर ताटलीतलंच गरम पाणी आत घालायचं. दहा-बारा मिनिटांनी दाणा बोटाने दाबून बघा. मऊ झाला की मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन-तीन कोकमं; एक उकळी. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर निम्म्या पोळ्या झालेल्या असतात.

सोमवारी आणि बुधवारी यापेक्षा सोपं आहे. डाळीत गरम पाणी घालून खळखळ उकळवा, नुसती कोमट करू नका. सोमवारी लसणाची फोडणी आणि पालक. बुधवारी मोहरी-मेथीदाण्यांची फोडणी, गोडा मसाला, चिंच-गूळ. एकाच डाळीच्या या दोन आमट्या आहेत हे जेवणाऱ्याला सांगूनही पटत नाही.

९. बुधवारची छोटी फेरी

जेवण झाल्यावर वीस मिनिटं. डब्यांवरचे वार वाचा. काळे वाटाणे बुधवारी वापरले नाहीत तर गुरुवारी संपायलाच हवेत. गुरुवारी बाहेर जेवायला जायचं असेल तर आत्ता फ्रीझरमध्ये टाका. कोथिंबिरीचा ओला झालेला रुमाल बदला. शनिवारी सकाळी पोह्यांना लागणारे बटाटे, मिरच्या आहेत का बघा. उरलेलं गाजर-फरसबी-फ्लॉवर एकत्र करून शुक्रवारच्या मसालेभाताला राखता येतं, मग थालीपीठ पुढच्या आठवड्यात.

१०. फ्रिज रिकामा असतानाची सोय

थालिपिठाची भाजणी घरात कायम असू द्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे-जिरे वेगवेगळं भाजून दळलेलं हे पीठ कोरड्या डब्यात दोन महिने सहज राहतं. कांदा, तिखट, मीठ, पाणी. बारा मिनिटांत पहिलं थालीपीठ तव्यावरून उतरतं. तसंच बेसन, मूगडाळ, मेतकूट, पोह्याचे पापड. पिठलं, खिचडी, मेतकूट-भात-तूप हे आमच्याकडे नाइलाजाचे पदार्थ मानत नाहीत, पावसाळ्यात तर मुलं मागून घेतात. आणि वरण उरलं असेल तर कणकेचे तुकडे सोडून वरणफळं करा.

११. उपास, संकष्टी, चातुर्मास

यादी करताना भिंतीवरचं कॅलेंडर बघाच. संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे बरेचदा नऊनंतर असतं आणि अनेक घरांत नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. त्या आठवड्यात डाळीचा एक डबा वाटणाला न लागलेल्या पळीने भरा आणि आमटी नुसत्या ओल्या खोबऱ्यावर, गोड्या मसाल्यावर करा. चातुर्मास पाळणाऱ्यांनी वाटणच वेगळं करावं: सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरं, चमचाभर खसखस, सगळं कोरडं भाजून, पाणी न घालता कुटलेलं. ते फ्रिजमध्ये तीन आठवडे राहतं, आणि भरल्या भेंडीपासून उसळीपर्यंत सगळ्याला चालतं. एकादशी असेल तर आदल्या रात्री साबुदाणा धुऊन, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून झाका. कूट रविवारीच झालेलं आहे.